शेवटचा चेंडू हातात

"हेल्दुर, पावाला लोणी लावतोयस का? टाक ना मोकळ्या हाताने."

काल्यो माझ्या मागे उभा होता. डाव्या हातात फावडं, डोक्यावर नेहमीचीच लोकरी टोपी. मी बादलीतली काळी पीट माती फावड्यावर घेतली आणि बर्फावर फेकली. मार्च संपत आला होता, फुटबॉलच्या मैदानावर अजून घोटाभर बर्फ होता. आमच्या कीविओया गावात मैदान असंच उघडतात. पांढऱ्यावर ऊन ठरत नाही, काळ्यावर ठरतं. दलदलीतून काढलेल्या मातीची भुकटी पातळ पसरली की आठ-दहा दिवसांत खालचं गवत दिसायला लागतं. क्लबच मुळी पीटच्या विटा पाडणाऱ्या कारखान्याचा, नावही तेच, तुर्वास, म्हणजे आमच्या भाषेत पीट. माती फुकट मिळायची, हात आमचे.

आणि रीत अशी की जो जिथे खेळतो, त्याने तिथला बर्फ काळा करायचा. पुढच्या फळीवाल्यांनी समोरची पेटी, मधल्यांनी मधलं वर्तुळ. दक्षिणेचा गोल पहिल्या गोलकीपरचा, उत्तरेचा राखीव गोलकीपरचा. काल्यो पहिला, मी राखीव. आम्ही दोघंही सहासष्ट वर्षांचे झालो, खेळणं सुटून जमाना झाला, पण दर मार्चला तो दक्षिणेला जातो आणि मी उत्तरेला. तो आपलं उरकून माझं बघायला येतो. माझं बघायला कोणीतरी यावं असं मी त्याला कधी सांगितलेलं नाही.

"शेवटचं वर्ष," तो म्हणाला. "मे महिन्यात प्लास्टिकचं गवत येणार. मग कसली माती नि कसलं काय."

"बरं होईल," मी म्हणालो. "तुझी देखरेख तरी थांबेल."

तो हसला. त्याला राग म्हणून कधी येत नाही. माझ्या पोटात दुखायची ही पहिली जागा.

तेवढ्यात काइसा आली. ही आमच्या क्लबची नवी व्यवस्थापक, कामाला वाघीण. यंदा क्लबला साठ वर्षं होणार म्हणून तिने इतिहास लिहायला घेतला होता. तिने काखेतली गुंडाळी उलगडून आमच्यासमोर धरली.

"काका, बघा. नव्या इमारतीच्या भिंतीवर लागणार हा. सहा मीटर रुंद."

तो फोटो होता. पंचाण्णव सालच्या एप्रिलमधला. गोलच्या मागून काढलेला. पिवळी जर्सी हवेत आडवी, पाठीवर चिखलात बुडालेला एक आकडा, डावीकडे ताणलेले दोन हात आणि बोटांच्या टोकावर चेंडू. तोंड पलीकडे. गावात हा फोटो कुठे नाही? पावाच्या दुकानात आहे, शाळेच्या जिन्यात आहे, न्हाव्याकडे आरशाच्या वर आहे. खाली सगळीकडे एकच ओळ: काल्यो, तुटक्या खांद्यानिशी.

"हेल्दुरकाका, तुमचे दोन शब्द हवेत मला," काइसा म्हणाली. "तुम्ही त्यांना सगळ्यात जवळून पाहिलंय. सतरा वर्षं."

"हो," मी म्हणालो. "फारच जवळून."

काल्योने मान फिरवली. "अगं, कसला सहा मीटर. मी काही केलेलं नाही त्यात."

"बघा," काइसा मला म्हणाली, "कधीही विचारा, हेच म्हणतात. किती साधा माणूस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण त्या फोटोतला माणूस काल्यो नव्हता. तो मी होतो.

आता सांगतोच सगळं, आडपडदा न ठेवता.

राखीव गोलकीपर म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, त्याने देवाचे आभार मानावेत. इतर राखीव खेळाडूंना कधी ना कधी मैदान मिळतं. कोणी दमतो, कोणी लंगडतो. गोलकीपर दमत नाही. अठ्ठ्याहत्तर ते पंचाण्णव, सतरा मोसम मी क्लबमध्ये होतो. आधी कारखान्याचा नोकर म्हणून, मग देश मोकळा झाल्यावर रीतसर पगारी खेळाडू म्हणून. रोख क्रून, म्हणजे आमचे पैसे, कमी पडले की पगारात पीटच्या विटा मिळायच्या. आम्ही त्या जाळून हिवाळा काढायचो आणि स्वतःला व्यावसायिक म्हणवायचो. त्या सतरा मोसमांत काल्योला साधी सर्दी झाली नाही.

माझं काम एकच. सामन्याआधी सराव देऊन त्याला गरम करायचं. बारा चेंडू. तीन खाली डावीकडे, तीन खाली उजवीकडे, तीन छातीवर, दोन वर कोपऱ्यात. आणि शेवटचा हातात. हा आमचा नेम होता, आमचे प्रशिक्षक वेल्लो यांनी घालून दिलेला. चुकलेला चेंडू मनात घेऊन गोलकीपरने गोलमध्ये उभं राहायचं नाही. म्हणून शेवटचा चेंडू असा द्यायचा की तो पकडलाच जाईल. मी द्यायचो. पण दर वेळी वीतभर खाली द्यायचो, म्हणजे काल्योला चिखलात गुडघा टेकावा लागेल. पकडायचा तो, पण जर्सी मळायची. एवढंच माझं सुख.

मी त्याचं वाईट चिंतत होतो. सरळ सांगतो. प्रत्येक उंच चेंडूला तो उडाला की मी बाकावर बसून त्याच्या घोट्याकडे बघायचो. रात्री उर्वे, माझी बायको, विचारायची, "काय झालं आज?" मी म्हणायचो, "काही नाही." खरंच काही झालेलं नसायचं, तेच तर दुखणं होतं.

मग तो पंचाण्णवचा मार्च आला. मोठ्या लीगमध्ये टिकायचं तर एप्रिलच्या पहिल्या शनिवारी घरच्या मैदानावर एक गुण लागत होता. आम्ही सगळे फावडी घेऊन माती पसरत होतो. मी उत्तरेच्या गोलमध्ये. आणि कशी बुद्धी झाली कोण जाणे. काल्यो उजव्या खांबाशी उतरायचा, नेहमी तिथेच; त्याच्या बुटांनी तिथे खळगा पडलेला असायचा. एका दाराएवढ्या जागेवर मी माती टाकलीच नाही. वरून नुसती बोटं झाडली, दिसायला काळं दिसेल इतकीच.

आजूबाजूचा बर्फ वितळला, तिथला वितळून पुन्हा गोठला. शनिवारी वरून चिखल दिसत होता, खाली काच होती. सकाळपासून पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होता. साठेक माणसं छत्र्या धरून उभी होती. मी काल्योला त्याच गोलमध्ये बारा चेंडू दिले. मला वाटलं होतं पाठीवर आपटेल, घोटा मुरगळेल, दोन आठवडे बसेल. दोन आठवडे मला पुरले असते.

दुसऱ्या सत्रात तो उत्तरेच्या गोलमध्ये आला. आम्ही एक शून्यने पुढे होतो. एकोणसाठाव्या मिनिटाला चेंडू उजव्या खांबाकडे आला, तो झेपावला, पाय निसटला, आणि खांदा सरळ खांबावर आदळला. तो आवाज बाकापर्यंत आला. चेंडू त्याने तरीही बाहेर ढकलला होता.

कपडे बदलायच्या खोपटामागे आम्ही त्याला नेलं. त्याचं तोंड चुन्यासारखं पांढरं. वेल्लोने माझ्याकडे पाहिलं आणि एकदम शिवी हासडली. मला वाटलं त्याला कळलं. पण त्याची शिवी वेगळ्याच गोष्टीला होती. त्या मोसमात माझा नोंदणीचा कागद कोणी राजधानीत, टालिनला, पाठवलाच नव्हता. चिटणीस म्हणाला होता, "हेल्दुर थोडाच उतरणार आहे." मी उतरलो तर सामना आपोआप हरल्यात जमा.

"जर्सी काढ," वेल्लो काल्योला म्हणाला. क्लबकडे गोलकीपरची जर्सी एकच होती. कात्रीने बाही न कापता ती काढताना काल्यो कसा कण्हत होता, ते मला अजून ऐकू येतं. त्याचीच टोपी माझ्या भुवयांपर्यंत ओढली. उंची आमची सारखी. वरून तोंडाला चिखल फासला. पंचाने विचारलं, "जमेल ना खेळायला?" मी मान हलवली. अशी माझी सतरा वर्षांची वाट संपली, दुसऱ्याच्या टोपीखाली.

मला कोणी गरम केलं नाही. एकही चेंडू मिळाला नाही. मी उतरल्यावर आठव्या मिनिटाला चेंडू उजव्या खांबाकडे आला, मी निघालो, आणि माझ्याच बर्फावर माझेच पाय वर. एक एक. खड्डा खणणाराच खड्ड्यात पडतो म्हणतात, मला तर फार वाटही पाहावी लागली नाही.

संपायला दोन मिनिटं असताना पेनल्टी मिळाली त्यांना. मी गोलमध्ये उभा होतो आणि माझ्या डोक्यात एकच: उजवीकडे जायचं नाही. उजवीकडे जायची माझी छाती नव्हती. म्हणून मारणाऱ्याने पाय उचलायच्या आधीच मी डावीकडे झेपावलो. चेंडूही डावीकडे आला. बोटाला लागला, बाहेर गेला. त्या क्षणी मागे कोणीतरी कॅमेऱ्याची कळ दाबली.

क्लब टिकला. वेल्लोने त्याच संध्याकाळी सगळ्यांकडून शब्द घेतला की ही गोष्ट खोपटाबाहेर जाणार नाही. बाहेर गेली ती अशी: काल्योचा खांदा तुटला, पाच मिनिटांत पट्टी बांधून तो परत आला आणि पेनल्टी अडवली. त्यानंतर तो कधी खेळला नाही, उजवा हात खांद्याच्या वर कधी गेला नाही, म्हणून तर गोष्ट आणखी गोड झाली. आणि त्याची जागा? मला वाटलं आता तरी मला. त्यांनी नार्वाहून एक वीस वर्षांचा गोलकीपर आणला.

अठ्ठावीस वर्षं मी न्हाव्याच्या खुर्चीत बसून स्वतःकडे बघतोय आणि न्हावी मला सांगतोय, "काय माणूस आहे काल्यो."

काइसाने फोटो दाखवला त्या शनिवारी मी नेहमीसारखा काल्योच्या साउनात, त्याच्या वाफेच्या न्हाणीत, गेलो. चाळीस वर्षं शनिवारी तिथेच जातो. त्याचा साउना माझ्यापेक्षा चांगला आहे, हेही सांगून टाकतो. वरच्या बाकावर दोघं उघडे बसलो होतो. त्याच्या खांद्यावरचा तो जुना व्रण गरमीने लाल झाला होता. मी तिकडे बघायचं टाळत होतो.

"काल्यो, तो फोटो माझा आहे," मी म्हणालो.

"मला माहीत नाही होय?"

"मग सांग ना तिला. सहा मीटर लावतेय ती. सहा मीटर! माझ्या फोटोखाली तुझं नाव."

त्याने डाव्या हाताने पळी उचलून तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं. वाफ उठली.

"वेल्लोला शब्द दिलाय," तो म्हणाला.

"वेल्लो जाऊन अकरा वर्षं झाली."

"तो गेला. शब्द कुठे गेलाय?"

"तुला काय, तुला बरंच आहे ते," मी म्हणालो. "फुकटचा पुतळा झालायस."

यावरही तो चिडला नाही. साउनात अंगावर मारतात ती बर्चच्या पानांची जुडी माझ्यापुढे केली. "पाठीवर मार जरा. माझा हात पोचत नाही तिथे."

मी मारली. जरा जोरातच मारली. तो म्हणाला, "हां, बरं वाटलं."

घरी आलो तर उर्वेने राईचा पाव आणि धुरावलेले मासे काढून ठेवले होते. मी ताट ढकललं. तिला त्या पेनल्टीचं ठाऊक होतं, बर्फाचं नव्हतं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुला तो फोटो हवाय, की काल्योकडे असलेला फोटो हवाय?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्याच्याकडे नसता तर तुला लागला असता का, असं विचारतेय."

"तू त्याची बाजू घेतेस."

"मी मासे खातेय," ती म्हणाली आणि खरंच खायला लागली.

रात्रभर मी काइसाला सांगायची वाक्यं जुळवली. मी फोटोतला आहे. पण मग ती विचारणार, तुम्ही उतरलात कसे? काल्यो पडला म्हणून. काल्यो तर कधी पडत नसे, मग त्या दिवशी कसा पडला? तिथे येऊन माझी गाडी अडायची. सकाळी मी तिला दोन शब्द दिले: "काल्यो चांगला गोलकीपर होता." ती म्हणाली, "काका, हे चार शब्द झाले." मी म्हणालो, दोन कापून टाक.

मे महिन्यात माझं गवत उपटलं. ऑगस्टमध्ये साठीचा समारंभ झाला. हिरवंगार प्लास्टिक, कडेने लाकडी बाकं, बटाट्याच्या कोशिंबिरीची घमेली, बिअर, लहान मुलांचा बँड. आधी भाषणं आणि पडदा उघडणं, मग जुन्या खेळाडूंचा वीस मिनिटांचा सामना. अर्धं गाव आलं होतं. दोरी ओढायला काल्योला बोलावलं, दुसऱ्या कोणाला बोलावणार. मी मागच्या रांगेत उर्वेशेजारी बसलो होतो. तिने माझा हात धरून ठेवला होता, मी उठून जाईन म्हणून.

काल्योने डाव्या हाताने दोरी ओढली. सहा मीटर रुंद मी भिंतीवर आडवा झालो. खाली त्याचं नाव. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो माइकपाशी गेला आणि टोपी काढली.

"हा मी नाही," तो म्हणाला.

लोक हसले. काइसाही हसली.

"हसू नका. मी त्या वेळी खोपटामागे ओकत होतो. हा हेल्दुर आहे. त्याचा कागद गेलेला नव्हता, म्हणून आम्ही लबाडी केली आणि माझी जर्सी त्याला घातली. एकतीस मिनिटं तो उभा होता. पेनल्टी त्याने अडवली. क्लब त्याच्यामुळे टिकला. वेल्लोला दिलेला शब्द मी आज मोडतोय, वर गेल्यावर त्याची माफी मागेन."

मला वाटलं, पडलास कसा, असं आता कोणीतरी विचारणार. काल्यो म्हणाला, "माझा पाय घसरला होता. चिखल होता त्या दिवशी." एवढंच बोलून तो खाली उतरला.

आणि मग टाळ्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. न्हावी डोळे पुसत होता. मी बघितलं, सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे होती. "असा माणूस होणे नाही," माझ्या पुढच्या रांगेतली बाई म्हणाली. "स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने पुसलं." फोटो माझा झाला आणि माणूस तोच मोठा झाला. मी उर्वेकडे पाहिलं. ती म्हणाली, "आता तरी जळू नकोस." मी जळत होतो. मला थांबवता आलं असतं तर अठ्ठावीस वर्षांपूर्वीच थांबवलं असतं.

मग जुन्यांचा सामना लागला. काल्यो माझ्यासमोर आला, हातात पिवळी जर्सी. नवी होती, पण आकडा तोच.

"घाल," तो म्हणाला. "माझा हात वर जात नाही. तू उभा राहा."

"सहासष्टाव्या वर्षी पदार्पण," मी म्हणालो. "हसतील लोक."

"हसू देत की. चल, गरम करतो तुला."

उत्तरेच्या गोलकडे आम्ही दोघं चालत गेलो. माझे पाय तिकडेच वळले, त्याचेही. मी हातमोजे चढवत होतो. काल्यो उजव्या खांबाशी थांबला. त्याने बुटाची टाच जमिनीवर एकदा आपटली. मग परत एकदा. तो प्रत्येक सामन्याआधी असं करायचा, प्रत्येक जागा टाचेने ठोकून बघायचा. हे मी विसरलो होतो. सतरा वर्षं बघितलेलं, आणि नेमक्या त्या मार्चमध्ये विसरलो होतो.

"प्लास्टिक," तो म्हणाला. "काही वाजत नाही यात. त्या दिवशी चांगलं खणखणीत वाजलं होतं."

मला हातमोज्याचा पट्टा लागेना.

"तुला गरम होतानाच कळलं होतं?" मी विचारलं.

"दोन मुठी वाळू टाकली होती मी. पुरली नाही."

"मग तिकडे उडी का मारलीस?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय.

"चेंडू तिकडे आला ना," तो म्हणाला.

"आणि बोलला का नाहीस इतकी वर्षं?"

"बोललो असतो तर वेल्लोने तुला हाकललं असतं. मग शनिवारी साउनात मी काय एकटा बसू?" त्याने वाकून चेंडू उचलला. "बस झालं आता. लोक वाट बघतायत. उभा राहा."

मी उभा राहिलो. तो पेटीच्या कडेला गेला आणि सुरुवात केली. तीन खाली डावीकडे. दोन पकडले, एक सुटला. तीन खाली उजवीकडे. पहिल्याला माझा पाय अडखळला. जमीन कोरडी होती तरी. तो थांबला, मी सावरेपर्यंत थांबला, मग पुढचा दिला. तीन छातीवर. दोन वर कोपऱ्यात. ते दोन्ही गेले, मी नुसते हात वर केले. बाकांवरून कोणीतरी ओरडलं, "हेल्दुर, फोटो काढू का?" लोक हसले. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, घाम म्हणून खपून गेल्या.

अकरा झाले. काल्योने बारावा चेंडू पायाखाली धरला, मग उचलून आपल्या बाहीने पुसला, आणि परत जमिनीवर ठेवला. मी गुडघे वाकवले. सवयच ती. तो वीतभर खाली येणार हे मला ठाऊक होतं, कारण मी तसाच द्यायचो.

त्याने हलकेच पाय मारला. चेंडू सरळ आला, ना खाली, ना वर, ना डावीकडे, ना उजवीकडे. माझ्या छातीपाशी दोन्ही हातांत येऊन बसला. मला बोटभरही हलावं लागलं नाही.

इतका नीट चेंडू मी त्याला सतरा वर्षांत एकदाही दिला नव्हता.